गोठलेल्या तळ्यावर काटा मांडणारा माणूस : लोरांड ओत्वोश

सन १९०१ चा हिवाळा. युरोपातल्या हंगेरी देशात बालाटॉन नावाचं मोठं तळं आहे, लांबी जवळपास ७७ किलोमीटर. थंडीत ते असं गोठतं की वरून माणसं चालतात. त्या बर्फावर काही लोकांनी तंबू ठोकला होता. तंबूत माणसाच्या उंचीएवढं एक यंत्र, आणि त्या यंत्रात केसापेक्षा बारीक तारेला टांगलेली एक आडवी दांडी. दांडी स्थिर होईपर्यंत कुणी हलायचं नाही, जवळ जायचं नाही. मग दुर्बिणीतून आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, यंत्र थोडं फिरवायचं आणि पुन्हा वाट बघत बसायचं.

या सगळ्यांचा म्होरक्या ५२ वर्षांचा होता. खानदानी बॅरन, म्हणजे आपल्याकडच्या सरदार-जहागीरदारासारखा. देशाचा शिक्षणमंत्री होऊन गेलेला आणि त्या वेळी हंगेरीच्या विज्ञान अकादमीचा अध्यक्ष असलेला. त्याचं नाव लोरांड ओत्वोश. घरी शेकोटीजवळ बसायचं सोडून हा माणूस बर्फावर काय मोजत होता? तळ्याच्या तळाखाली जमिनीच्या पोटात कुठे जड खडक आहे आणि कुठे हलका, ते. आणि तेही एक खड्डा न खणता.

ओत्वोशचा जन्म २७ जुलै १८४८ चा, बुडा शहरातला. बुडा आणि पेस्ट ही तेव्हा दोन शहरं होती, पुढे त्यांचंच बुडापेस्ट झालं. ते साल हंगेरीत क्रांतीचं. त्याच वर्षी तिथे वेठबिगारी कायद्याने बंद झाली. जमीनदाराच्या शेतात फुकट राबणारा कुळवाडी मोकळा झाला. हे करणाऱ्या सरकारात लोरांडचे वडील योझेफ ओत्वोश शिक्षणमंत्री होते. वडील लेखकही होते. गावच्या नोटरीवर, म्हणजे गावकारभाराचं दफ्तर सांभाळणाऱ्या माणसावर त्यांनी १८४५ साली कादंबरी लिहिली आणि तालुक्या-जिल्ह्याच्या पातळीवर गरिबाची कशी नाडवणूक होते ते तीत मांडलं. जमीनदाराच्या पोराने जमीनदारांच्याच विरोधात लिहावं, हे त्या काळी सोपं नव्हतं.

क्रांती चिघळली तेव्हा योझेफ कुटुंबासह जर्मनीतल्या म्युनिकला निघून गेले. काही वर्षांनी परतले. १८६७ ला पुन्हा मंत्री झाले आणि दुसऱ्याच वर्षी ६ ते १२ वयाच्या पोरांना शाळा सक्तीची करणारा कायदा त्यांनी आणला.

अशा घरातला मुलगा वकील व्हायचा, मग राजकारणात जायचा. ही वाट ठरलेलीच होती. लोरांडने १८६५ ला कायद्याचं शिक्षण सुरूही केलं. पण मन लागेना. गणित आणि भौतिकशास्त्राकडे ओढा. शेवटी १८६७ ला तो जर्मनीत हायडेलबर्गला गेला. तिथे बुन्सेन, किरशॉफ, हेल्महोल्ट्झ असे गुरू मिळाले. शाळेच्या प्रयोगशाळेत जो बुन्सेन बर्नर असतो, तो याच बुन्सेनच्या नावाचा. मध्येच पोराच्या डोक्यात उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेत जायचं वेड शिरलं, ते वडिलांनी थोपवलं. १८७० ला डॉक्टरेट मिळाली, १८७१ ला वडील वारले आणि त्याच सुमारास तो पेस्टच्या विद्यापीठात शिकवायला लागला. १८७२ ला प्राध्यापक झाला. वय अवघं २३-२४.

पुढची चाळीसेक वर्षं तो त्याच विद्यापीठात राहिला. शहराबाहेरच्या घरून घोड्यावर बसून वर्गावर यायचा. सुट्टी लागली की डोंगर चढायचा. आल्प्समधल्या डोलोमाइट्स भागातल्या एका शिखराला त्याचं नाव आहे. रोलांडा आणि इलोना या दोन्ही मुलींनाही त्याने डोंगरात नेलं आणि त्या काळात त्या नावाजलेल्या गिर्यारोहक झाल्या. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बाप पोरींना कड्यावर दोर लावून चढवत होता, हे मुद्दाम सांगायला हवं.

आता मूळ गोष्टीकडे येऊ.

लोखंडाचा गोळा आणि लाकडाचा गोळा वरून सोडले तर हवेचा अडथळा सोडून दोन्ही बरोबरच पडतात. हे गॅलिलिओच्या काळापासून माहीत होतं. पण अगदी बरोबर पडतात का? न्यूटनने लंबकाने तपासलं, हजारात एक भाग इतका फरक पकडता आला असता, पण सापडला नाही. नंतर जर्मनीच्या बेसेलने साठ हजारांत एकपर्यंत नेलं. तरीही फरक नाही.

यात एवढं बघण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. पण गोम अशी आहे. वस्तूला पृथ्वी किती ओढते ते तिचं वजन. आणि वस्तू ढकलताना ती किती अडते ते तिचं जडत्व. बैलगाडी उभी असेल तर पहिला हिसका जड जातो, ते जडत्व. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही नेहमी एकाच मापात का असाव्यात, याचं कारण कुणाला माहीत नव्हतं. आणि एखाद्या पदार्थात त्या किंचितही वेगळ्या निघाल्या, तर गुरुत्वाकर्षणाबरोबर आणखी एखादी न ओळखलेली शक्ती काम करते आहे, असा अर्थ निघाला असता.

ओत्वोशने यासाठी जी युक्ती काढली ती समजायला ओळंबा आणि गोफण पुरे. गवंड्याचा ओळंबा सरळ खाली लोंबतो असं आपण धरतो. पण पृथ्वी फिरते आहे. गोफण फिरवताना दगड बाहेर ओढ घेतो, तशी फिरणाऱ्या पृथ्वीवरची प्रत्येक वस्तू किंचित बाहेर ओढ घेते. त्यामुळे बुडापेस्टसारख्या ठिकाणी ओळंबा पृथ्वीच्या मध्याकडे अचूक न लोंबता अगदी थोडा कलतो. खाली ओढणारी शक्ती वजनावर चालते, बाहेरची ओढ जडत्वावर. समजा तांबं आणि लाकूड यांच्यात या दोहोंचं प्रमाण वेगळं असेल, तर तांब्याचा ओळंबा आणि लाकडाचा ओळंबा दोन वेगळ्या दिशांना कलतील.

मग त्याने एका दांडीच्या एका टोकाला एक पदार्थ आणि दुसऱ्या टोकाला दुसरा लावला आणि दांडी मधोमध प्लॅटिनमच्या बारीक तारेला टांगली. दोन्हींचा कल वेगळा असेल तर दांडी किंचित फिरेल, तारेला पीळ बसेल. दांडीवर छोटा आरसा, आणि दुर्बिणीतून त्या आरशात दिसणारी मोजपट्टी. मग अख्खं यंत्र उलट दिशेला फिरवून पुन्हा मोजायचं. याला पिळाचा तराजू म्हणता येईल. असा तराजू त्याच्या शंभर वर्षं आधीही होता, इंग्लंडच्या कॅव्हेंडिशने तो वापरला होता. ओत्वोशने तो इतका नाजूक आणि तरीही इतका दणकट केला की तो गाडीत घालून माळरानावर नेता आला. बुडापेस्टच्या नांदोर स्युस याच्या कारखान्यात ही यंत्रं बनायची. उष्णतेची झुळूक आत जाऊ नये म्हणून भोवती पत्र्याच्या दुहेरी-तिहेरी भिंती. खुल्या रानात मोजणी शक्यतो रात्रीच, कारण दिवसा ऊन वर-खाली झालं की दांडी बिथरते.

जानेवारी १८८९ मध्ये त्याने अकादमीपुढे पहिला निकाल ठेवला. दोन कोटींत एक भागापर्यंत फरक नाही.

पुढे १९०६ ला जर्मनीतल्या गॉटिंगेन विद्यापीठाने याच प्रश्नावर बक्षीस लावलं. ओत्वोशने देझो पेकार आणि येनो फेकेते या दोन जोडीदारांना घेऊन पुन्हा सगळं मोजायला काढलं. काय काय मोजलं ते बघा. प्लॅटिनम, तांबं, लाकूड, पाणी, ॲस्बेस्टॉस, जनावराची चरबी. त्यात मोरचूदही होतं. द्राक्षाच्या बागेत बोर्डो मिश्रणाला वापरतात तेच निळं मोरचूद, एकदा खड्यांच्या रूपात आणि एकदा पाण्यात विरघळवून. विरघळल्यावर गुरुत्वाकर्षण बदलतं का, हाही प्रश्न त्यांनी सोडला नाही. एका रासायनिक क्रियेच्या आधी आणि नंतर म्हणून हिराकसही तोललं.

निकाल आला : दहा ते वीस कोटींत एक भाग, एवढ्या बारकाईने बघूनही फरक नाही. हे किती बारीक झालं? दहा टन उसाने भरलेल्या ट्रॉलीच्या वजनात गव्हाच्या एका दाण्याचा फरक ओळखावा, इतकं. काट्यावर ट्रॉली घेऊन रांगेत उभं राहणाऱ्याला याची किंमत वेगळी सांगायला नको. १९०९ ला बक्षीस ओत्वोशच्या चमूला मिळालं.

त्याच काळात आल्बर्ट आइनस्टाइन नावाचा तरुण याच गोष्टीवर आपला नवा सिद्धांत उभा करत होता. वजन आणि जडत्व सारखंच असतं असं धरलं तरच त्याचं गणित पुढे जात होतं. १९१३ च्या लेखात त्याने ओत्वोशच्या प्रयोगाचा आधार दिला. १९१५ ला सामान्य सापेक्षता सिद्धांत पूर्ण झाला. त्या इमारतीच्या पायात बुडापेस्टच्या तळघरातली ही आकडेमोड आहे.

मध्यंतरी ओत्वोशच्या गळ्यात मंत्रिपद पडलं होतं. जून १८९४ ते जानेवारी १८९५, सात महिने. सरकार गेलं आणि तो पुन्हा प्रयोगशाळेत आला. पण तेवढ्यात एक काम पदरात पाडून घेतलं. हुशार पण गरीब पोरांना राहून शिकता यावं, त्यातून चांगले शिक्षक तयार व्हावेत म्हणून १८९५ ला वसतिगृहासह संस्था सुरू झाली आणि तिला त्याने वडिलांचं नाव दिलं. तो मंत्री झाला त्या निमित्ताने १८९४ ला शाळकरी पोरांसाठी गणिताची स्पर्धाही सुरू झाली होती. विमानशास्त्रातला थिओडोर फॉन कारमान, हायड्रोजन बॉम्बवाला एडवर्ड टेलर हे पुढे त्याच स्पर्धेत चमकले. सात महिन्यांच्या मंत्रिपदाचा एवढा हिशोब थोड्याच मंत्र्यांना देता येईल.

पिळाच्या तराजूचा दुसरा उपयोग जमिनीसाठी. दांडीची दोन टोकं वेगळ्या उंचीवर ठेवली तर जवळपासच्या जड वस्तूमुळे गुरुत्वाकर्षण जागोजाग किती बदलतं ते कळतं. १८९१ ला त्याने पश्चिम हंगेरीतल्या शाग टेकडीवर याची पहिली परीक्षा घेतली. टेकडीचा आकार मोजून तिची ओढ किती असावी ते आधी काढता येत होतं, मग यंत्राचा आकडा पडताळून बघितला. त्यानंतर बालाटॉनचा बर्फ. बर्फच का, तर तळ्यावर चढ-उतार नाही, बांध नाही, झाड नाही. जे काही ओढत असेल ते खालचंच. १९०१ आणि १९०३ अशा दोन हिवाळ्यांत मोजणी झाली आणि तळ्याच्या लांबीच्या रेषेत खाली खडकाला मोठी चीर गेल्याचं आकड्यांवरून दिसलं.

बोअरवेल घ्यायची म्हटली की आपल्याकडे तळहातावर नारळ उभा करून किंवा कडुलिंबाची काटकी धरून पाणी दाखवणारे येतात. ओत्वोशच्या पद्धतीत आणि यात फरक एकच, पण फार मोठा. त्याचा आकडा दुसऱ्या कुणालाही पुन्हा मोजून तपासता येत होता. आणि चुकला तर किती चुकू शकतो, तेही तो वहीत लिहून ठेवायचा.

१९१६ ला एग्बेल या गावाजवळ, जे आता स्लोव्हाकियात आहे, खनिज तेलाच्या शेतावर त्याच्या यंत्राने मोजणी झाली. जमिनीखालचा खडक कुठे फुगीर आहे ते वरून कळतं, हे सिद्ध झालं. तेल कंपन्यांचं लक्ष गेलं. १९२४ ला अमेरिकेत टेक्सासमधला नॅश नावाचा मिठाचा घुमट याच तराजूने सापडला, त्याच्या कडेला पुढे तेल लागलं. ते बघायला ओत्वोश नव्हता.

त्याने आणखी एक गंमत शोधली होती. समुद्रात चालत्या जहाजावर गुरुत्वाकर्षण मोजणाऱ्यांचे आकडे जुळत नव्हते. ओत्वोशने कारण सांगितलं : पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेला फिरते, म्हणून पूर्वेला जाणारी वस्तू किंचित हलकी होते आणि पश्चिमेला जाणारी किंचित जड. १९०८ ला काळ्या समुद्रात दोन जहाजं उलटसुलट चालवून ते तपासलं आणि ते खरं निघालं. आजही जहाजावरून किंवा विमानातून अशी मोजणी करताना ओत्वोशची दुरुस्ती करावी लागते. नोबेलसाठी त्याचं नाव सुचवलं गेलं, मिळालं नाही.

पहिलं महायुद्ध हंगेरी हरला. राज्य मोडलं, १९१९ च्या मार्चमध्ये बुडापेस्टमध्ये साम्यवादी राजवट आली. त्या धामधुमीत ८ एप्रिल १९१९ ला ओत्वोश वारला. वय ७०. बक्षिसाचा तो मोठा निबंध तोवर पूर्ण छापलेलाही नव्हता. पेकार आणि फेकेते यांनी तो १९२२ ला छापून आणला, सगळ्या आकड्यांसकट.

सगळ्या आकड्यांसकट, हे महत्त्वाचं. कारण ६४ वर्षांनी कुणीतरी ते पुन्हा उघडले.

जानेवारी १९८६ मध्ये अमेरिकेतल्या एफ्राइम फिशबाख या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जाहीर केलं की ओत्वोशच्या तक्त्यात जे बारके फरक उरले आहेत, ते वाटेल तसे विखुरलेले नाहीत. अणूच्या गाभ्यातल्या कणांच्या हिशोबाने लावले तर ते एका रेषेत बसतात. म्हणजे जगात चार मूळ शक्ती माहीत आहेत, त्यात ही पाचवी असू शकते. पेपरांत मोठ्या बातम्या झाल्या. कुणी डोंगराच्या कड्यावर, कुणी टेकडीच्या पायथ्याला यंत्रं लावली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी कर्नाटकात गौरीबिदनूर इथे सुमारे २५ मीटर खोल, म्हणजे खोल विहिरीएवढ्या खड्ड्यात पिळाचा तराजू टांगला. माती आणि खडकामुळे खाली तापमान हलत नाही, म्हणून. अमेरिकेत सिॲटलला वॉशिंग्टन विद्यापीठाच्या चमूने तर ओत्वोश आणि वॉशिंग्टन जोडून स्वतःचं नावच ओत-वॉश ठेवलं.

काही वर्षांतच उत्तर आलं. फिशबाखने सांगितली होती तशी पाचवी शक्ती नाही. पण शोध थांबला नाही, फक्त प्रश्न बदलला. आकाशातल्या दीर्घिका ज्या वेगाने फिरतात त्याला दिसणारं वस्तुमान पुरत नाही. न दिसणारं साधारण पाचपट आणखी काहीतरी असावं लागतं. त्याला डार्क मॅटर किंवा कृष्ण पदार्थ म्हणतात. तो कशाचा बनला आहे ते कळलेलं नाही. तो तांब्याला वेगळं आणि प्लॅटिनमला वेगळं ओढत असेल, तर ओत्वोशच्या रीतीनेच त्याचा माग लागू शकतो.

आता दांडीच्या टोकाला गोळे लावायच्या ऐवजी सुटे अणूच वापरतात. लेझरने अणू इतके थंड करायचे की ते जवळजवळ थांबतात, मग वर उडवून पडू द्यायचे आणि लेझरनेच त्यांचं पडणं वाचायचं. स्टॅनफर्डला १० मीटर उंच नळीत रुबिडियमच्या दोन जातींचे अणू असे टाकले. २०२० ला निकाल आला : एक लाख कोटींत एक भाग इतक्या बारकाईपर्यंत दोन्ही सारखेच पडतात. फ्रान्सच्या उपग्रहावर टायटॅनियम आणि प्लॅटिनम ठेवून त्याहून हजारपट बारीक तपासणी झाली. शिकागोजवळच्या फर्मीलॅबमध्ये १०० मीटर खोल विवरात अणू टाकायचं यंत्र उभं राहत आहे, ते कृष्ण पदार्थाच्या काही हलक्या प्रकारांचा शोध घेणार आहे.

अणूचं हेच तंत्र जमिनीकडेही वळलं आहे. २०२२ ला इंग्लंडच्या बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या चमूने रुबिडियमच्या अणूंनी रस्त्याखालचा बोगदा वरूनच शोधून दाखवला. ओत्वोश बर्फावर जे करत होता तेच काम, फक्त तार गेली आणि अणू आले. अशा यंत्राचा आकडा ज्या एककात सांगतात, त्या एककाचं नाव ओत्वोश आहे.

त्याच्या तक्त्यातले ते बारके फरक मात्र कशामुळे आले, यावर अजून एकमत नाही. काहींच्या मते खोलीत एका बाजूला थोडी ऊब असावी. पण हे तपासायचं तर तीच खोली, तोच तराजू आणि तोच दिवस लागेल.